सहावा दिवस

जेवणं झाली की हेमराज ताटं सरकवतात
आणि टेबलावर व्हिएतनाम पसरतात.
सीताबर्डीवरून मोठा करून आणलेला रंगीत प्रिंट,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, रिमोट,
बाबांच्या गुडघ्याचं तेल आणि एक संत्र.

मे महिना. रात्रीचे दहा झाले
तरी भिंतीला हात लावावत नाही.
कूलर सगळ्या देशाला
वाळ्याचा वास देऊन राहिला.

हेमराज महावितरणात.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या अंधाराची वेळापत्रकं केली:
या फीडरला नऊ ते अकरा, त्या फीडरला दोन ते चार.
आता आमच्या आठ दिवसांचं करतात.
पहिला दिवस: उतरल्या उतरल्या तळं, देऊळ, जुना बाजार.
दुसरा: बोट, गुहा, दुसरी गुहा.
"दुसरी काऊन?"
"तिकिटातच आहे न ती."

कनकला कंदिलांच्या गावात फोटो पाहिजेत,
सहा ते साडेसहा, तसा उजेड मग राहत नाही म्हणे.
ओजसला समुद्र. बाकी काही नाही.
शाळेनं झिरो माइलचा दगड दाखवला
तेव्हा हा मॅडमना विचारून आला होता,
म्हणजे समुद्र आपल्याला सगळीकडूनच लांब का?

मी मेडिकलमध्ये. महिन्यातून दहा नाइट.
"तुला काय पाहायचं आहे?" हे विचारतात.
"छत."
"कोणत्या देवळाचं?"
"खोलीचं. पडल्या पडल्या."
पोट्टे हसले.
मी विनोद केला नव्हता.

वॉर्डात रात्रीच्या नोंदी आम्ही लाल शाईत करतो.
तोच पेन घेऊन मी सहाव्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं,
काही नाही.
सकाळी बघते तर शेजारी पेन्सिलीनं, बारीक:
संगमरवरी डोंगर, वाटल्यास.
मी खोडलं.
दुसऱ्या दिवशी: केबल कार, फक्त दोन तास.
खोडलं.
तिसऱ्या दिवशी कनकच्या अक्षरात: शॉपिंग???
खोडून खोडून कागद तिथे इतका झिजला
की खालच्या टेबलाचा सनमायका दिसू लागला.

बाबा एवढे दिवस काही बोलले नव्हते.
गोळीबार चौकात चाळीस वर्षं माग चालवला त्यांनी.
पासपोर्टच्या काउंटरवर त्यांची बोटं उमटेनात.
पोरीनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिली, दाबून पाहिली,
पाचदा, सहादा.
शेवटी बाबाच तिला म्हणाले,
"माये, रेघा लुगड्यांत गेल्या."
सातव्यांदा कशीबशी उमटली.
तेव्हापासून पासपोर्ट त्यांच्या उशीखाली आहे.

काल ते उठून टेबलाशी आले,
नकाशावरचं संत्र उचललं, सोलायला बसले.
एक कोपरा गुंडाळत वर आला.
"तिथं दुपार राहते का?"
"राहते न बाबा, सगळीकडेच राहते."
"तशी नाही. पडाची."

कोणीच उत्तर दिलं नाही.
त्यांनी एकेक फोड वाटली, बिया मुठीत ठेवल्या.
"आमचा माग नागपंचमीला बंद राहे.
दिवसभर काय करत होतो, मले आठवत नाही.
चांगला जाये, एवढं आठवते."
आणि झोपायला गेले.

हेमराज बराच वेळ पेन्सिल कानावर ठेवून बसले.
मी ड्यूटीला निघाले, स्कूटीला किक मारली,
रुमाल बांधला. वर खिडकीत दिवा तसाच.

सकाळी आले तेव्हा घर झोपलेलं.
नकाशा तसाच उघडा, एका कोपऱ्यावर संत्र्याची साल.
झिजलेल्या चौकटीत, ऑफिसातल्या ठळक अक्षरात:
देखभाल दुरुस्तीसाठी
सकाळी ६ ते रात्री १०
पुरवठा बंद राहील.
ग्राहकांनी सहकार्य करावे.

आणि खाली, दोन ओळींच्या मधे बसत नव्हतं
तरी बसवलेलं, ओजसचं:
समुद्र चालू.