साधा भूतकाळ

वारजे माळवाडीत, पिठाच्या गिरणीवर आमचा वर्ग.
सात वाजता खाली गहू सुरू होतो,
फळा थरथरतो, त्याबरोबर माझं अक्षरही.
शनिवारी ज्वारी असते. तेव्हा आवाज जरा मऊ.

पुस्तकातला भूतकाळ मी दुसऱ्याच आठवड्यात मिटला.
त्यातला जॉन रविवारी तळ्यावर गेला, मासे पकडले,
आणि आमच्यापैकी कुणालाही
त्याच्या माशांशी घेणंदेणं नव्हतं.
म्हटलं, मोबाईल काढा. कालचे कॉल उघडा.
कोण, किती वाजता,
आणि तुम्ही काय केलंत.

कॉलचं कॉल्ड झालं, सेंडचं सेंट,
रिंगचं रँग, हे पाठच करा.
कट मात्र हटवादी. आज कट, कालही कट.
पंकज ओव्हाळ दिवसभर पार्सलं पोचवतो,
तो म्हणाला, गिऱ्हाईकंही तशीच, मॅडम.

रेहाना मुलाणीने विचारलं,
वेंट म्हणजे गेला, की गेली?
दोन्ही. इंग्रजी ते विचारत नाही.
ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली.
आय वेंट टू रिचार्ज शॉप, असं लिहिलं,
मग रिचार्ज शॉप खोडून
नुसतं आय वेंट ठेवलं.

नकार शिकवायला मला आवडतो.
डिड पुढे येतो, सगळा काल आपल्या डोक्यावर घेतो,
आणि मागचं क्रियापद पुन्हा कोरं होतं,
जणू त्याच्या हातून काही घडलंच नाही.
खरंच घडलेलं नसतं म्हणा, नकारच तो.
आपल्याकडे मात्र फोन उचलला नाही म्हणताना
आधी उचलावा लागतो
आणि मग नाही म्हणून परत ठेवावा लागतो.

सिद्राम भिसे शेवटच्या बाकावर, गणवेशातच.
आठला सुटलं की कोथरूडच्या एका सोसायटीत रात्रपाळी.
त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.
एकच नाव खालपर्यंत. घर.
रात्रीचे दोन दहा, लाल बाण, मिस्ड.
दोन अकरा, त्याचा बाण, उत्तर नाही.
परवा तेच. तेरवाही तेच.

भांडण आहे का, असं मी विचारलं
आणि विचारल्यावर वाटलं, नको होतं.
नाही, म्हणाला. ड्यूटीवर बोलायला मनाई,
आणि तिकडे बार्शीला सासू कानाशीच झोपते.
बाळाला पाजायला उठली की ती एक रिंग देते.
मी एक देतो, म्हणजे जागा आहे.
आधी पैसे वाचवायला करायचो.
आता पॅक अनलिमिटेड आहे.
तरी.

मग त्याने लिहिलं, सुटी सुटी अक्षरं, रेघ न सोडता:
शी कॉल्ड. आय डिड नॉट पिक.
आय कॉल्ड. शी डिड नॉट पिक.
वुई टॉक्ड.

लाल पेन माझ्या हातात होतं.
तिसरं वाक्य आधीच्या चारांशी जुळत नाही,
असं लिहायला समासात जागाही होती.
पिकच्या पुढे अप हवं, दोन्हीकडे.
तेवढं लिहिलं.

खाली गिरणी थांबली. फळा थांबला.
पंकजने टोपीवरचं पीठ झटकलं,
गृहपाठ काय, म्हणाला.
आजचे कॉल, म्हटलं. पण उद्या लिहा.

घरी आल्यावर मीही माझा लॉग उघडला.
बँक. बँक. गॅसवाला.
एक चुकीचा नंबर, तेवीस सेकंद.
चार वाक्यं झाली.
चारही बरोबर.