घडीवर

दुकानाचं शटर दिवाळीआधीच खाली ओढलं.
मशीन घणसोलीच्या एका मुलीला विकलं,
कात्री दिली नाही.
खिळ्याला टांगलेले फर्मे मात्र घरी आणले,
एकवीस वर्षांचे, खाकी कागदाचे,
कोपरखैरणे गावठाणातल्या बायांचे
आणि रस्त्यापलीकडच्या सेक्टरातल्या.

पेन्सिलीने नाव, खाली मापं.
शेवंती मढवी, छाती छत्तीस, गळा मटका.
कुट्टी मॅडम, बाही कोपरापर्यंत, अस्तर नको.
रझिया, तिसरा महिना, आत शिलाई जास्त ठेवणे.

रद्दीवाला म्हणाला, खाकीला भाव नाही.
म्हटलं, नसू दे.

आधी शेजारणीच्या मशीनवर शिवून पाहिलं.
बारीक टाका, जन्माची सवय.
कागद टपालाच्या तिकिटासारखा
ओळीवरून सुटून हातात आला.
कापडाला सुई लागते, ते मिटतं,
दोन धुण्यांत विसरतं.
कागद भोक तसंच ठेवतो.
म्हणून आता हाताने.
खाली जुनी चादर, आधी टाचणीने टोचायचं,
मग सुई, दोऱ्याला थोडं मेण,
दोन टाक्यांत करंगळीएवढं अंतर.
असली शिलाई गिऱ्हाइकाला दिली असती
तर पैसे परत मागितले असते.

मुंढ्याचा बाक मुंढ्याला लावत गेले
तर खाडी होत गेली.
मी काही खाडी करायला बसले नव्हते.
मग पाण्याला विजेच्या बिलाचा निळसर तुकडा घातला,
काठाला सासऱ्यांच्या मिठागराची पावती,
गोण्या किती ते वाचता येतं,
दर उंदराने खाल्लाय.

फर्मे सगळे अर्धेच असतात.
कापडाची घडी घालायची, फर्मा घडीवर ठेवायचा,
एकदा कात्री चालवायची,
उघडलं की अख्खी बाई.
उजवी तशीच डावी, हे धरूनच आमचा धंदा.

एकट्या हेमलता केणीचा फर्मा पूर्ण आहे.
ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात आली,
पडदा स्वतःच ओढून घेतला,
म्हणाली, मोज आता,
आणि तोंड वाकडं करू नकोस.
मोजलं. उजवीकडे एक, डावीकडे एक.
डावीकडे टक्स नाही.
कागदावर आधी लिहिलं ‘सपाट’,
ते खोडून लिहिलं ‘सरळ’.
दोन्ही शब्द अजून दिसतात.
त्या मापाचे अकरा ब्लाऊज शिवले.
बारावं कापड तिच्या मुलीने परत नेलं.

हा फर्मा कुठे लावायचा, चार दिवस सुचेना.
कडेला ठेवला तर तुटका दिसतो,
मधोमध ठेवला तर देवी होते,
तिने शिव्या घातल्या असत्या.
शेवटी शेवंती आणि रझियाच्या मध्ये बसवला,
दुकानातल्या बाकड्यावर ती तिथेच बसायची,
हुक लावून होईपर्यंत
दोघींच्या भांडणात तोंड घालत.

भाचा म्हणतो, मावशी, फ्रेम करू या.
म्हटलं, थांब, फिटिंग बाकी आहे.

एक बाही उरलीय.
नाव पुसलंय, तेलकट बोटाचा डाग तेवढा.
दंड अकरा, मुंढा पंधरा.
संध्याकाळी भाजी घेताना
पिशवी धरलेल्या हातांकडे बघत असते मी.
अकरा कुणाचा होता?