कडीवरची तारीख

सातपूरच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
लतीफ मिस्त्रींनी हातात ग्राइंडर दिला नाही,
चकती दिली.
"वाच."
मी कंपनीचं नाव वाचलं.
"ते राहू दे. मधली कडी बघ."
पत्र्याच्या कडीवर तांदळाएवढा
महिना आणि वर्ष.
दुधाच्या पिशवीसारखी हीही शिळी होते,
आयटीआयत कुणी बोललं नव्हतं.

मग आकडे. मशीन अकरा हजार फेरे,
चकती पंधरा हजार.
"तिचा मोठाच पाहिजे."
कापायची पातळ असते, तिनं घासायचं नाही;
कुशीवरचा जोर तिला सोसत नाही.
नवी लावली की मिनिटभर रिकामी फिरवायची,
तिच्या रेषेतून बाजूला होऊन.

गार्ड काढला की कोपऱ्यात हात पोचतो,
असं गांगुर्डे म्हणाला तेव्हा
मिस्त्रींनी फक्त गॉगल वर केला.
डाव्या भुवईत पांढरी रेघ,
घाईत मारलेल्या वेल्डिंगसारखी.

काल अंबडला दुकानदारानं
अख्खा डबा अर्ध्या किमतीत पुढं केला.
मागल्या वर्षीच संपलेली तारीख.
पैसे मोजले,
आणि त्याच्याच पायरीवर बसून
एकेक चकती गुडघ्यावर मोडली.
बरोबरच्या पोराला वाटलं,
माझं घरी काहीतरी बिनसलंय.