खिळ्याचं वजन

स्लोवाकियाच्या डोंगरात खाणींचं एक गाव.
खाणी बंद पडल्या तेव्हा
आजच्या आठवीतलं कुणीच जन्मलेलं नव्हतं.
खिडकीच्या काचांना बर्फ चिकटलेला,
आणि हाव्रानोवा बाई मोरचुदाच्या निळ्या पाण्यात
प्रत्येकाला एकेक खिळा सोडायला लावतात.

झ्लाता आपला खिळा आधी तळहातावर घेते.
त्याच्या डोक्यावर थोडी लाल धूळ आहे,
क्रिवी रिहला उंबऱ्यावर साठायची तशीच.
तिथं लोखंड जमिनीतून निघतं,
पावावर बसतं, धुतलेल्या चादरींवर बसतं.
बाबा ते अंगावर घेऊन घरी यायचे.
अजून येतात.
घरी आता कोणी नसतं.

"गंज घासून काढा, नाहीतर काही होणार नाही."
सँडपेपर. खसखस.
मग दोऱ्याला बांधून पाण्यात.

भिंतीवर धातूंची उतरंड टांगली आहे.
वर पोटॅशियम, पाण्याला शिवलं की पेटणारं,
मधे कुठंतरी लोखंड, त्याच्या खाली तांबं,
आणि तळाशी सोनं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
झ्लाता म्हणजे सोनेरी. इथल्याही मुलांना कळतं ते.
मागच्या बाकावरून मारोश म्हणतो,
"म्हणजे तुझ्यावर कशाचाच परिणाम होत नाही."
ती गप्प राहते.
त्याला वाटतं, आपलं बरोबर आहे.

दहा मिनिटांत खिळ्याला विटकरी लव फुटते.
बाई फळ्यावर लिहितात:
लोखंड दोन इलेक्ट्रॉन देतं आणि पाण्यात उतरतं,
तांबं तेच दोन घेतं आणि पाण्यातून बाहेर येतं.
दोन्ही एकाच क्षणी.
देणारा नसेल तर घेणाराही नाही.

इथं मला थांबावं लागतं, माझी भाषा मधे येते.
झ्लाताच्या भाषेत या अभिक्रियेला एक शब्द आहे,
तिच्या कागदांवरच्या शिक्क्यात दुसराच.
मराठीत दोन्हीकडे विस्थापन.
आणि ज्याला इलेक्ट्रॉन मिळतात
त्याचं आम्ही क्षपण झालं म्हणतो,
जणू मिळाल्यानंच कुणी झिजावं.
शाळेत हे पाठ केलं तेव्हा
मला काहीच खटकलं नव्हतं.

झ्लाता हात वर करते.
"यात जागा कुणाची गेली?"
"तांब्याची. क्षारातून त्याला लोखंडानं हाकललं."
"पण बारीक होतोय तो खिळा."
बाईंच्या हातातला खडू तसाच राहतो.
"उद्या वजन करू."

काल कोरा खिळा: चार पूर्णांक बासष्ट शतांश ग्रॅम.
आज तांब्यासकट, वाळवून: चार पूर्णांक सहासष्ट.
"वाढलं!" मारोश ओरडतो.
झ्लाता ब्लेडनं सगळं तांबं खरवडते,
खिळा पुन्हा काट्यावर ठेवते.
चार पूर्णांक चौतीस.
आता कोणी ओरडत नाही.

शाळेच्या दालनात, काचेच्या पेटीत, तांब्याचा एक नाल आहे.
गावातले जुने लोक खाणीच्या पाण्यात मोडकं लोखंड टाकत,
काही महिन्यांनी तांबं काढत,
आणि म्हणत, लोखंडाचंच तांबं झालं.
"झालं काहीच नाही," बाई सांगतात.
"एक निघून गेला,
दुसरा त्याच्या जागी, त्याच्याच आकारात बसला."
झ्लाता घरमालकिणीच्या मुलीच्या खोलीत झोपते.
ती मुलगी ग्राट्सला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते.
गादीत तिच्या कुशीचा खळगा आहे,
झ्लाताला तो थोडा लांब पडतो.

उरलेलं फिकट हिरवट पाणी सिंकमधे ओतायचं असतं.
झ्लाता ते जॅमच्या बरणीत भरते,
खिडकीत ठेवते, झाकण न लावता.
चौथ्या दिवशी पाणी गढूळतं, पिवळं पडतं,
आठवडाभरानं तळाशी बसते
बारीक तांबूस धूळ.

रात्री ती बरणी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरते.
"ओळखलं का?"
बाबा चष्मा कपाळावर सरकवतात,
पडद्याच्या इतके जवळ येतात की नुसतं नाकच दिसतं.
"झाकण लाव आधी," म्हणतात,
"चादरींवर बसेल."