तळटीप चौदा

ग्रिम्सबीत उतरले तेव्हा चार वाजले होते, आणि अंधार.
वाऱ्याला बर्फाचा आणि हॅडॉकचा वास.
बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपात एकतीस देश,
प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभे करतात तसे रांगेत.

गेली तीन वर्षं मी ही रांग मोडतेय.
म्हणजे असं, की ज्या देशाच्या घरांत
पुस्तकं आणि हीटर आधीपासूनच आहेत,
त्याची पाठ त्याबद्दल थोपटायची नाही.
ज्याच्या वर्गातली निम्मी मुलं घरी दुसरंच काही बोलतात,
त्याच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवून ठेवायचं,
मग बघायचं, धोरणानं स्वतःच्या हातानं काय केलं.
अकरावा देश असा तिसरा होतो.
दुसरा घसरतो एकोणिसावर,
आणि त्यांच्या मंत्रालयातून पत्र येतं.
मापात पाप नको, एवढंच माझं म्हणणं.

मराठीत आपण गळती म्हणतो,
जशी काही नळाची चूक,
वॉशर बदलला की थांबेल.

फ्रीमन स्ट्रीटवर, बॉक्सिंग क्लबाच्या वरच्या खोलीत
भेटला रीस ओडलिंग, वय सतरा.
मामाकडे माशांचे क्रेट धुतो. नखांत खवले.
परीक्षेच्या आधीच्या जानेवारीत
शाळेनं त्याच्या आईला बोलावलं, चहा दिला,
कागद पुढे केला :
मुलगा यापुढे घरी शिकेल.
आईची रात्रपाळी, दिवसा ती झोपते.
तिनं सही केली.

शाळेचा निकाल त्या वर्षी सुधारला.

मी तक्ता उघडून त्याला शोधलं.
सोडून गेलेल्यांत नाही.
नापासांत नाही, बसलाच नव्हता.
कायदा म्हणतो, अठरापर्यंत शिकायचं.
कागद म्हणतो, शिकतोच आहे की,
स्वयंपाकघरात, झोपलेल्या बाईकडून.

शाळा सुटली म्हटलं की आम्ही
दप्तर डोक्यावर घेऊन धावायचो.
याचीही सुटलीच, सोडली म्हणता येणार नाही.
हातातून काच सुटावी तशी सुटली,
पण कुणाच्या हातातून
ते हे क्रियापद सांगत नाही.
तीन वर्षांत पहिल्यांदा
मला माझ्या भाषेचा राग आला.

तो स्क्रीनवर वाकला, फुटबॉलचा तक्ता बघावा तसा.
‘आपण कितवे आलो?’
म्हटलं, गरिबी वजा केली तर नववे,
नाही केली तर सतरावे.
‘नववे बरे,’ म्हणाला.
मग जरा थांबून, ‘पण वजा करून ठेवता कुठे?’
मी समीकरण सांगायला लागले.
त्यानं चार्जर मागितला, फोन मेला होता.

परतीच्या गाडीत लिहिली तळटीप चौदा :
घरी शिकत असल्याची नोंद असलेली मुले
या गणनेत धरलेली नाहीत.
ही नोंद सर्व देशांत सारखी ठेवली जात नाही.
आठच्या टाइपात दोन ओळी.
साहेब विचारतील, हवीच का?
पान वाढतंय.

नववा देश नववाच राहिला.
स्कनथॉर्पनंतर आठवलं,
चार्जर तिकडेच राहिला,
आणि लॅपटॉप अकरा टक्क्यांवर आहे.