एक टक्का

पोकारशेठनी विचारलं, किचन की कपाट?
मी म्हटलं, मशीन.
त्यांनी पेन कानामागे खोचलं
आणि अठरा मिलीच्या दोन शीट
टेम्पोवर चढवायला सांगितल्या.
भवानी पेठेत कोण काय बनवतंय
याची चौकशी एका प्रश्नाच्या पुढे जात नाही.

मोटरी तापकीर गल्लीतून. तीन.
चौथी पुढच्या पगारावर.
बेअरिंग जुन्या बाजारात, बुधवारी,
एकेक कानाशी धरून फिरवलेली;
खरखरलं की परत गोणपाटावर.

धनकवडी, तिसरा मजला, त्यावर पत्र्याची खोली.
महिनाभर सगळं पडद्यावरच होतं
आणि पडद्यावर सगळं बसत होतं.
तिथे प्लायला बाक नसतो,
स्क्रू तिरका जात नाही,
खालचे किराड काठीने छत ठोकत नाहीत.

मोजायला अप्पांची पट्टी घेतली.
पोलादी, कडेला अंगठ्याने गुळगुळीत झालेली.
एकतीस वर्षं हडपसरच्या फाउंड्रीत
ते लाकडाचे पंप करायचे, लाकडाचे गिअरबॉक्स,
वाळूत दाबून ठसा घ्यायला.
ठशात लोखंड जायचं,
लाकूड झटकून परत फळीवर.
आता हात थरथरतो.
चहा अर्धाच कप मागतात.

मी आखत होते, ते खुर्चीत.
जिगसॉ, कानस, मग गुण्या:
फटीतून उजेड आला नाही.
दोन्ही कर्ण सारखे.
फेव्हिकॉल लावून, घरातले सगळे क्लॅम्प आवळून
सांगाडा रात्रभर सुकत ठेवला
आणि मी दोनदा उठून पाहून आले.

शनिवारी दांडे घातले, सहाशे मिलीचे, तयार.
आखूड.
एका बाजूला धरले की दुसरीकडे सुटत होते.
दुकानदाराला फोनवर नको ते बोलले.
तो म्हणाला, ताई, मोजून तर बघा.
मोजले. पाचशे चौऱ्याण्णव.
किराडांकडून टेप आणला. सहाशे.
पुन्हा पट्टी.
पाचशे चौऱ्याण्णव.

खुर्चीतून आधी खोकला आला.
"आकसाची पट्टी आहे ती. बिडाची.
शंभराला एक.
ओतलेलं बीड निवताना अंग चोरतं,
म्हणून आधीच जरा मोठं करायचं.
रोज कोण हिशोब करणार,
पट्टीतच मोठे मिली कोरलेले."

आधी का नाही सांगितलंत?

"मला वाटलं, तुझंही पुढे ओतायचं असेल."

मी पट्टी हातात धरून उभी.
मग आठवलं ते दार,
दहावीपर्यंतच्या पेन्सिलीच्या रेघा,
टाचा टेकव, मान सरळ,
आणि हीच पट्टी, खालून वर सरकवत.
एकशे त्रेपन्न, असं मी आजवर
प्रत्येक फॉर्मवर लिहीत आले.
अप्पा, मी दीड सेंटीमीटर उंच आहे.
"असशील," ते म्हणाले, "तेव्हा विचारायचंस."

सांगाडा मोडला नाही.
तीन-तीन मिलीच्या चकत्या कापल्या,
दोन्ही टोकांना घातल्या, दांडे बसले.
मोटरींना मात्र किराडांच्या टेपचे मिली शिकवले.

पहिल्या दिवशी पात्याऐवजी पेन बांधलं.
वर्तुळ सांगितलं.
यंत्र कण्हत निघालं,
डावीकडून गेलं, उजवीकडून आलं,
आणि जिथून निघालं होतं
त्याच्या जरा अलीकडे थांबलं.
अप्पांनी कागद गुडघ्यावर घेतला,
थरथरत्या नखाने ती फट चाचपली.
"अर्धा मिली. नट ढिला आहे."
मी कॅलिपर लावला. शून्य पॉइंट पाच दोन.

रात्री साडेअकराला वर्तुळ मिटलं.
किराडांनी काठी आपटली, मी बंद केलं.
भुसा झाडला, दिवा मालवायच्या आधी
मार्करने बाजूच्या फळीवर लिहून ठेवलं,
पुढे कुणी उघडलं तर कळावं म्हणून:

आत ६०६. दांडा ६००.
चकत्या काढू नये.