आयरिश लेखकाच्या नावावर

पारोळ्याच्या वाचनालयाबाहेर एक फळा होता.
वर देवरे मास्तरांनी 'आजचा विचार' हे शब्द
ऑइलपेंटने कायमचे करून टाकलेले,
खालचा रोज पुसायचा भाग माझ्याकडे.
महिन्याचे पन्नास रुपये, खडू वाचनालयाचा.

मास्तरांनी एक पुस्तक दिलं,
कोणा आयरिश लेखकाच्या चतुर बोलांचं.
मुखपृष्ठावर कोटाला फूल खोचून तो उभा,
जणू आत्ताच कोणाचं तरी ठरलेलं लग्न मोडून आलाय.
मी रोज एक वाक्य उचलायचो, शब्दकोश उघडायचो,
आणि मराठीत पोचेपर्यंत त्यातलं हसू
भुसावळला गाडी बदलताना फलाटावर राहिलेलं असायचं.
लोक वाचायचे, मान डोलवायचे,
सायकलचं कुलूप काढायचे.

मग कपाटाला वाळवी लागली.
पान एकशे बाराच्या पुढचा सगळा लेखक
तिने चार दिवसांत संपवला.

पाचव्या दिवशी मी कोऱ्या फळ्यासमोर,
आणि रस्त्यापलीकडच्या भट्टीवर
ठगूबाई भोई वाळूत चणे परतत
कोणाला तरी सुनावत होती :
गाव ज्याला चांगला म्हणतं
त्यानं अजून काही केलेलं नसतं.
मी ते लिहिलं. खाली रेघ मारली.
रेघेखाली आयरिश लेखकाचं नाव.

त्या दिवशी पहिल्यांदा
फळ्यासमोर कोणीतरी मोठ्याने हसलं.

ठगू.
आधीची तीन लेकरं गेली
म्हणून मरणाला फसवायला ठेवलेलं नाव.
मरण फसलं.
आता तिला फसवायला मी होतो.

खोटं बोलायला अक्कल लागते,
खरं बोलायला फक्त उधारी नसावी लागते.
हे कापसाच्या व्यापाऱ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
उपदेश फुटाण्यासारखा :
भाजला दुसऱ्याच्या भट्टीत, वायू आपल्या पोटात.
हे तर सव्वीस जानेवारीला
तहसीलदारांनी माइकवरून म्हटलं,
आणि 'थोर पाश्चात्त्य विचारवंत' म्हणताना
छातीला हात लावला.
भट्टीवर ठगूबाईनेही ऐकलं.
चाळणी आपटली, बाकी काही नाही.

एका दुपारी ती रस्ता ओलांडून आली.
अक्षर येत नव्हतं, बोट ठेवून म्हणाली, वाच.
मी वाचलं. तिचंच, परवाचं, नवऱ्याबद्दलचं :
गरम आहे तोवर खुसखुशीत,
गार झाला की दात मागतो.
ती ऐकत राहिली,
शेजारणीच्या सुनेचं कौतुक ऐकावं तशी.
मग म्हणाली,
"मानूस शाना दिखस.
कव्हय उना व्हता पारोयाले?"

खडू माझ्या हातात मोडला.
मी सगळं सांगितलं.
वाळवी, पान एकशे बारा, पन्नास रुपये.
ती रागावली नाही, हेच जड गेलं.
म्हणाली, माझं नाव टाकलं असतंस
तर उभं राहून कोणी वाचलं असतं?
राहू दे त्याचंच.
पण दर शनवारी पावशेर चणे नेत जा.
त्याच्या नावावर.
पैसे तू दे.

भट्टीमागच्या भिंतीवर
तिने कोळशाने एक फूल काढलं, कोटावरचं,
आणि त्याच्यापुढे रेघा ओढत गेली.
आयर्लंडचं खातं.

परवा पुण्याच्या भाच्याने फोनवर पाठवलं :
सूर्यास्त, दोन बगळे, आणि उपदेशाचं वाक्य,
फुटाण्याचं पॉपकॉर्न झालेलं.
कोपऱ्यात तो, कोटाला फूल.
मी अंगठा दाखवला.

भट्टीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.
मागची भिंत मात्र रंगवायची राहून गेलीय.
काल रिचार्जच्या निमित्ताने आत डोकावलो.
फूल पुसट झालंय.
रेघा मोजल्या : एकवीस.
त्यातल्या अठरा शनवारांचे पैसे मी दिले होते.